उंदरांच्या खोलीतला लाल पंचा

गो चंद्रे, मी जिते स्टेशनावर रोह्याची गाडी पकडली तेव्हा तू आईचा पदर धरून उभी होतीस. आई म्हणाली, "येताना वाटेवरचं ते मोठं भेंडीचं झाड बघ आणि वळ." मी हसलो. स्वतःचं घर कुणी विसरतो काय?

रोह्यात एका औषधाच्या कंपनीत लॅबमधी लागलो. चौथी शिकलेला मिठागरातला माणूस, पण उंदरांची खोली माझ्या ताब्यात. गोल टाकी, दुधाळ केलेलं पाणी, आत बुडवलेला एक पाट. उंदीर पोहत पोहत पाट शोधायचा. चार दिवसांत शिकायचा, मग सरळ जायचा. त्यावर लॅबच्या मॅडम विसरायचं इंजेक्शन टोचायच्या, की गरगर फिरत राही. पुन्हा दुसरं औषध दिलं की काहींना पाट सापडे. मला वाटायचं, आठवण बाटलीत असते.

एकदा मी रोज एकाच खिळ्यावर असणारा माझा लाल पंचा धुतला आणि समोरच्या भिंतीवर वाळत टाकला. त्या दिवशी सगळेच उंदीर चुकले, औषध दिलेले, न दिलेले. मॅडम ओरडल्या, "काका, ते तुमचा पंचा बघून पोहत होते! आठवड्याचं काम गेलं." मी पण ऐकून घेतलं नाय. "मग काय घाण ठेवू?"

आता आठवणीची गोळी मी खातो. सून समोर उभी राहून गिळायला लावते. ती उंदरांचीच काय, हे डॉक्टर सांगत नाय.

गेल्या महिन्यात गावाला एकटा आलो. झाड दिसेना म्हणून चालतच राहिलो, पार खाडीच्या चिखलापर्यंत. तू धावत आलीस.

"अरे दादा, हिकडं कुठं?"

"झाड कुठाय?"

"पाडून दोन वर्सं झाली. तूच उभा होतास की, कुऱ्हाडवाल्यांना शिव्या घालत."

मला आठवत नाय. मी असतो तर पाडू दिलं असतं काय?

तेव्हापासून पोरगा म्हणतो, बाबा, एकटं जायचं नाय. आता मी विसरलो, की खूण गेली? दोन्ही झालं असेल तर गोळी कशावर चालायची? नोकरीमागं पेणला, पनवेलला पांगलेल्या आपल्या लोकांना विचार, त्यांनाही असं होतं काय. रोह्यातली गल्ली मी डोळे मिटून चालतो. तरी घर म्हटलं की ते झाडच दिसतं, नसलेलं.

रविवारी येतोय. एकटा. पोराला कळवू नको. चिठ्ठीसोबत तो पंचा पाठवलाय. झाड होतं तिथं बांबू रोव आणि टांग. मी पोचेपर्यंत काढू नको. धुवायलासुद्धा.