सुषमाच्या हॉलमधलं चित्र

चार बायका संध्याकाळी ओट्यावर बसल्या की किस्से आपोआप साचतात, नालीत पाणी साचतं तसे. कोणी मुद्दाम आणून ओतत नाही. आमच्या पुनर्वसनाच्या गल्लीतले निम्मे किस्से सध्या एकाच वस्तूचे आहेत, समोरच्या सुषमाच्या हॉलमधल्या चित्राचे. आणि आधीच सांगून टाकते, ते चित्र माझ्या डोळ्यांत खुपतं. जे सांगीन ते जळूनच सांगीन.

*

सुषमाचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्याने आईसाठी ऑनलाइन काहीतरी मागवलं. पवनीहून कुरिअरवाला आला तो एवढं मोठं पार्सल घेऊन की आम्हाला वाटलं टीव्हीच आला. सगळी गल्ली गोळा झाली. उघडलं तर काचेमागे एक निळा फराटा, थोडे मातकट ठिपके आणि खाली पिवळा पट्टा. ना देव, ना झाड, ना माणूस.

मी विचारलं, "हे कायचं चित्र आहे वो?"

"ॲब्स्ट्रॅक्ट आहे," सुषमा म्हणाली. "मनानं पाहा लागते."

माझ्या मनाला तेव्हा फक्त ती चकचकीत काळी फ्रेम दिसत होती. माझ्या हॉलमध्ये खताच्या दुकानाचं कॅलेंडर आहे.

*

ते टांगायला तिच्या भिंतीत खिळा जाईना. तर आमचे हे ड्रिल मशीन घेऊन धावले. माझ्या न्हाणीत टॉवेलसाठी एक खुंटी बसवा म्हणून मी यांच्या केव्हाची मागे लागलेय, ते ऐकूच येत नाही. तिथे मात्र पट्टी लावून मोजलं, मागे सरकून एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा पुढे होऊन केसभर डावीकडे केलं. सुषमाने चहा दिला, वर चिवडाही दिला.

घरी आल्यावर मी म्हटलं, आता मशीन बाहेर आहेच तर खुंटी होऊन जाऊ द्या. तर म्हणाले, "बॅटरी उतरली."

*

माझ्या पुतणीला पाहायला सानगडीचे पाहुणे आले. कार्यक्रम माझ्या घरी. पोहे माझे, चहा माझा, सोफ्याच्या नव्या खोळी माझ्या. सगळं छान पार पडलं. फोटोची वेळ आली तेव्हा मुलाच्या बहिणीला उघड्या दारातून समोरचं ते चित्र दिसलं. म्हणाली, तिकडे बॅकग्राउंड मस्त आहे. झालं, सगळे उठून सुषमाकडे.

सोयरीक जमली, चांगलं झालं. पण त्यांच्या नातेवाइकांना अजूनही वाटतं की पोरीच्या काकूचं घर ते आहे.

*

हेही मी गिळलं असतं. पण मग मामाजी तिकडे जायला लागले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या सगळ्या गल्लीचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हापासून ते कोणाच्या घरात बसत नाहीत. आमच्याही नाही. अंगणात खाट टाकून बसतात, तेही घराकडे पाठ करून. मी या घरात टाइल्स लावल्या, पंखा लावला, त्यांच्यासाठी हाताची खुर्ची आणली. एकदा आत येऊन बसावं आणि 'बरं आहे घर' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते कधी म्हणाले नाहीत.

आणि एक दिवस सुषमाकडे विळा परत द्यायला गेले ते येईचनात. डोकावून पाहिलं तर तिच्या हॉलमध्ये, त्या चित्रापुढे, हातात कप घेऊन आरामात बसलेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच दुपारी. माझा चहा अंगणात गार होतो आणि तिथे दोन दोन कप जातात. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली.

*

मीही कमी नाही. भंडाऱ्याला जाऊन सुषमाच्यापेक्षा मोठं चित्र आणलं. सोनेरी फ्रेम, रंगही जास्त. यांना समोर उभं करून टांगून घेतलं आणि त्याच्यापुढे ती हाताची खुर्ची ठेवली. मामाजींना बोलावलं. ते उंबऱ्यापर्यंत आले. काठीवर भार देऊन बराच वेळ पाहिलं.

"रंग सांडला काय?" म्हणाले, आणि गेले समोर.

*

त्या दिवशी माझा तोल गेला. मागोमाग सुषमाच्या हॉलमध्ये शिरले. ती आत चहा ठेवत होती. मी म्हटलं, "मामाजी, आपल्या घरी चित्र नाही काय? इथं काहून येऊन बसता?"

ते रागावले नाहीत. काठी उचलून काचेवर टेकवली.

"हे पाह्य बाई. हे नदी. इथून घाट उतरत होता. हे पिवळं म्हणजे आपली धानाची बांधी." काठी वर सरकली आणि एका मातकट ठिपक्यावर थांबली. "अन् हे आपलं घर. तू लगन होऊन आली, तं इथंच उतरली होती."

मी पाहिलं. खरं सांगते, दारसुद्धा दिसलं मला, डाव्या अंगाला, जिथे होतं तिथेच. माझे डोळे भरून आले. पण मी मीच. तशा रडतानाही विचारलं, "अन् सुषमाचं घर?"

मामाजींनी खालून वर, वरून खाली नीट शोधलं.

"तिचं नाल्याच्या पल्याड होतं ना. ते यात नाही आलं."

काय सांगू, इतकं गार वाटलं मला. इतक्या महिन्यांची आग एका वाक्यात विझली.

तेवढ्यात मागे कप वाजले. सुषमा ट्रे घेऊन दारात उभी होती. केव्हाची, कोण जाणे. तिने ट्रे खालीच ठेवला, काचेजवळ आली आणि पदराने काच पुसायला लागली.

"मामाजी, नीट पाहा ना," ती म्हणाली. "इकडं कोपऱ्यात तरी असन आमचं."