यादीतलं साठावं नाव

शनिवारी दुपारी मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, आमच्या जीन्सच्या कारखान्यात मागच्या खिशांची शिलाई तपासत होते, तेवढ्यात गावातल्या मैत्रिणीने फोनवर एक फोटो पाठवला. आमच्या मोरिवलीच्या नाक्यावर भलाथोरला बॅनर. त्यावर माझा धाकटा भाऊ, डोक्याला टोपी, हातात गोल्फची स्टिक. त्याच्या वर आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा चेहरा, भावाच्या चेहऱ्याच्या दुप्पट. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात गॉगल लावलेले आमचे सख्खे काका. आणि मधोमध लाल अक्षरात, 'ऑलिम्पिकसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

माझं डोकंच फिरलं. कारण निवड झालीच नव्हती.

शेठकडे सुट्टी मागायला गेले, तर तोच हसत म्हणाला, "अरे दीदी, स्टेटस पे देखा मैंने, बधाई हो! मिठाई कब?" काय सांगणार कपाळ! कारखान्यातली पोरं टाळ्या वाजवायला लागली. मी ओढणी खांद्यावर टाकली आणि निघाले. दोन शेअर रिक्षा बदलून अंबरनाथला, आमच्या मोरिवलीच्या नाक्यावर पोहोचेपर्यंत मी मनातल्या मनात काकांना काय काय सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गोल्फवाले ऑलिम्पिकला कसे जातात, हे त्या आठवड्यात मी इतक्या जणांना समजावलं की आता झोपेतसुद्धा सांगेन. धावणाऱ्याचं सोपं असतं. अमुक वेळात पोहोचलास, चल, तुझं तिकीट काढ. गोल्फचं तसं नाही. जगभर स्पर्धा चालू असतात, त्यात गुण मिळतात, दोन वर्षांच्या गुणांची सरासरी काढतात आणि दर सोमवारी जगाची नवी क्रमवारी लागते. तिच्यातून साठ पुरुष ऑलिम्पिकला जातात. पण एका देशाचे दोनच. अगदी पहिल्या पंधरात असतील तर चारपर्यंत. त्यामुळे मोठ्या देशांचे ढीगभर चांगले खेळाडू घरी बसतात आणि जगात तीनशेच्या पलीकडे असलेला माझा भाऊ वर सरकतो. आपल्या देशातला एक जण पक्का होता. दुसरा माझा भाऊ. गेल्या सोमवारच्या यादीत तो साठावा होता, म्हणजे शेवटचा.

ही यादी दर सोमवारी बदलते. खरी धरतात ती फक्त शेवटच्या सोमवारची, आणि तो शेवटचा सोमवार परवावर आला होता. सगळ्यात वाईट म्हणजे त्या आठवड्यात भाऊ खेळतच नव्हता. त्या शेवटच्या स्पर्धेत त्याला जागा मिळाली नव्हती. ज्यांना मिळाली ते खेळत होते, आणि आमचा बाळ घरी बसून बघत होता. त्यांच्यातला एक जरी त्याच्या पुढे गेला, तरी हा एकसष्टावा. याने काय करायचं? काही नाही. नुसतं बसायचं.

काका नाक्यावरच सापडले. बॅनरखाली खुर्ची टाकून चहा पीत होते.

"काका, हे काय आहे?"

"बघ बाय, कसा झायलाय! रात्रीच्याला लायटी पन सोडनार हाय."

"अहो, पण त्याची निवड झालेली नाही अजून!"

"यादीन नाव हाय कं नाय त्याचा?"

"आहे, पण..."

"मग? झाला तं!"

त्यांची तरी काय चूक म्हणा. आमच्याकडे यादीत नाव लागलं की विषय संपतो. घराची यादी असो, कंपनीतल्या भरतीची असो. एकदा भिंतीवर चिकटलेल्या यादीतलं नाव आपोआप खाली घसरतं, हे आमच्या गावात कुणी बघितलेलं नाही. मी त्यांना सरासरी समजावली, सोमवार समजावला. काका चहाचा घोट घेत ऐकत होते, पण कानात काही शिरत नव्हतं.

"सोमवारपर्यंत थांबला असतात तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं.

काका माझ्याकडे मी खुळी असल्यासारखं बघायला लागले. "अगो, सोमवारी समोरच्या पार्टीचा बॅनर लागला असता!"

म्हणजे शर्यत ही होती. आमच्याकडे दहावीचा निकाल असो की वाढदिवस, नाक्यावर पहिला बॅनर ज्याचा, पोरगा त्याचा. मी म्हटलं, "उतरवा तो." काकांनी आवाज खाली आणला. "साहेबांचा फोटो हाय त्याच्यावर. साहेबांचा फोटो खाली उतरवू? मना या गावान राहायचा हाय बाय."

मी तिथेच उभी राहून फाडला असता. हात शिवशिवत होते. पण चार बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन आल्या, माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, नाव काढलंत हो तुम्ही गावाचं. मी कसनुसं हसले आणि घरी आले.

घरामागे धप्, धप् असा आवाज चालला होता. आमच्या परसात बाबांचं मासे पकडायचं जुनं जाळं बांबूंवर टांगलेलं आहे, त्याच्या मागे मी कारखान्यातून आणलेलं जीन्सचं कापड. भाऊ त्यात चेंडू मारतो. बाबा होते तेव्हा बदलापूरच्या पुढे एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं मशीन चालवायचे, तिथे तो खेळायला शिकला. पुढे शिकवणारे भेटले, कुणी मदत केली, कधी उधारी झाली, तो परदेशात खेळायला लागला. पण घरी आला की पहिला चेंडू याच जाळ्यात.

आईला मी स्वयंपाकघरात गाठून बॅनरचं सांगितलं. तिने गॅस बंद केला. "त्याला समजला?"

"नाही. आणि कळू द्यायचं नाही. सोमवारपर्यंत तो नाक्यावर जाणार नाही, हे तू बघ."

तसा तो कुठे जातच नव्हता. जेवायला बोलावलं तर ताटात हात फिरवायचा आणि उठायचा. मी म्हटलं, "अरे, दोन घास खा, उपाशी राहिल्याने तिकडे कुणाचा चेंडू चुकणार आहे का?" तो हसलासुद्धा नाही. आमच्या घरात माझ्या तोंडाला सगळे घाबरतात, हा मात्र नेहमी हसतो. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

रविवारी स्पर्धेचा शेवटचा दिवस. पूर्वेकडच्या देशात होती, त्यामुळे दुपारीच संपणार होती. भावाने सगळा हिशोब मांडून ठेवला होता. धोका एकाच माणसाचा होता. थंड प्रदेशातल्या कुठल्याशा छोट्या देशाचा एक उंच पोरगा. तो पहिल्या आठांत आला तर भावाच्या पुढे जाणार होता. नवव्या नंबरवर थांबला तर नाही. सकाळी तो विसावा होता. मी म्हटलं, मग काय टेन्शन नाही. भाऊ म्हणाला, "ताई, गोल्फमध्ये असं बोलू नये."

जेवणवेळेपर्यंत तो पोरगा चौदावा झाला. मग अकरावा. भाऊ परसातल्या पायरीवर बसून फोनवर बोट खाली ओढायचा, आकडा ताजा व्हायचा, मी त्याच्या खांद्यावरून बघायचे. चित्र नाही, काही नाही, नुसते आकडे. कुठे लांब कुणीतरी चेंडूला हलकेच टोला देतोय, आणि इथे मी ओढणीचं टोक चावतेय.

आणि तेवढ्यात लोक यायला लागले. बॅनर बघून आले होते ना! पहिल्यांदा शेजारच्या आळीतली आत्या पेढे घेऊन, मग भजनी मंडळ हार घेऊन, मग तर चपलांना ओसरी पुरेना. आई दारातच सगळ्यांना अडवत होती, "त्याला बरा नाय, झोपलाय." कोण ऐकतंय! गावातले एक गृहस्थ थेट परसात आले, भावाची पाठ थोपटली आणि म्हणाले, "काय तो बॅनर! एक नंबर!"

भावाने वर पाहिलं. "कसला बॅनर?"

मी त्या माणसाकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी फोटो दाखवला. भावाने तो बराच वेळ पाहिला, बोटांनी मोठा करून स्वतःचा चेहरा पाहिला, आणि फोन मला परत दिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तो नववा झालाय."

त्या पोराचं शेवटचं होल, म्हणजे शेवटच्या खड्ड्यात चेंडू घालणं, राहिलं होतं. ओसरीवर चहाच्या कपांचा आवाज, कुणीतरी पोराला दटावतंय, कुणी विचारतंय ऑलिम्पिकला विमानाने जातात का. मागे आम्ही दोघं, आणि दार सोडून आलेली आई. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, ती फक्त भावाच्या तोंडाकडे बघत होती. बोट खाली ओढलं, तोच आकडा. पुन्हा ओढलं, तोच आकडा. मी देवाला नाही, त्या उंच पोराला मनात म्हणत होते, चुकव रे बाबा, एवढा एक चुकव, तुझ्या देशात तुला कोण विचारणार आहे? आमच्याकडे लोक हार घेऊन बसलेत.

आकडा बदलला. आठवा.

भाऊ पायरीवरून उठला, शर्ट नीट केला आणि ओसरीवर गेला. मी मागून धावले. तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझं नाव आता यादीत नाही. उद्या कळेल, पण नाही." भजनी मंडळाचे आजोबा म्हणाले, "असं अभद्र बोलू नये," आणि त्याच्या गळ्यात हार घातला. मग सगळ्यांनीच घातले. तो वाकून एकेकाच्या पाया पडत होता. मला रडू आवरेना, मी मोरीत जाऊन नळ सोडला.

सोमवारी यादी लागली. एकसष्टावा. आपल्या देशाच्या गोल्फ संघटनेतून फोन आला की तुम्ही पहिले राखीव आहात, साठांतल्या कुणी माघार घेतली तर जागा तुमची, तयारीत राहा. काका दुपारी येऊन म्हणाले, "बघ, मी बोललो व्हतो ना, जानार तो!" बॅनर तसाच राहिला. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

मग जे दिवस गेले, ते त्या रविवारपेक्षा वाईट. तयारीत राहायचं म्हणजे रोज पहाटे उठून बदलापूरच्या पुढे जायचं, उन्हात खेळायचं आणि घरी येऊन फोन समोर ठेवून बसायचं. फोन वाजला की आई गॅस बंद करायची. मग कुणीतरी कर्ज हवंय का विचारायचं, आणि मी त्या मुलीला अशा शिव्या घालायचे की बिचारीने नोकरी सोडली असेल. भाऊ बातम्या वाचायचा. कोणाची पाठ दुखतेय, कोणी मधेच खेळ सोडला, कोणाच्या बायकोचे दिवस भरलेत. जगातल्या साठ माणसांची दुखणी त्याला पाठ झाली होती. एका संध्याकाळी फोन पालथा ठेवून तो म्हणाला, "ताई, मी माणूस राहिलो नाही."

"जास्त बोलू नको," मी म्हटलं. "भाकरी खा."

फोन आला तेव्हा मी कारखान्यात जायला निघत होते. भावाने उचलला, "हां सर, हां सर," म्हणत भिंतीला टेकला. ठेवल्यावर म्हणाला, "झालं. मी जातोय." मी किंचाळलेच. शेजारून लोक धावत आले, कुणीतरी काकांना कळवलं, काही वेळात नाक्याकडून फटाक्यांची माळ ऐकू आली. मी त्याला मिठी मारली तर तो लाकडासारखा ताठ.

"काय रे?"

"त्याच पोराचं मनगट गेलं," तो म्हणाला. "तो उंच. सरावात पडला."

 मी नेहमीसारखी खेकसले, "मग? तू ढकललंस का त्याला?"

"मी रोज तेच मागत होतो ताई. दुसरा कोणी नको, तोच पडू दे म्हणून."

"येडा आहेस का? तुझ्या मागण्याने कुणाचं मनगट मोडतं होय?"

आई दारात उभी होती. हातात साखरेची वाटी, त्याच्या तोंडात घालायला आणलेली. ती म्हणाली, "मी तं रोज देवलान जाऊन सांगत होते. तेच."

बाहेरून त्याच्या नावाने हाका चालल्या होत्या, काका आले होते, सगळ्यांत मोठा हार घेऊन. आई पुढे आली, पण साखर काही तिने त्याला भरवली नाही. तशीच वाटी धरून तिने विचारलं, "त्याला आई असंल ना रे बाला?"

"असेल," भाऊ म्हणाला, आणि हार घालून घ्यायला बाहेर गेला.