मरगळे मॅडमचा आकडा

मरगळे मॅडम कोणताही आकडा एकटा सांगत नसत. मुळशीतल्या त्यांच्या घरी वर्तमानपत्रासाठी मुलाखत घ्यायला पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातली शेरडं किती, असं सहज विचारलं. "बत्तीस. एखादं कमी-जास्त," त्या म्हणाल्या. धाकटा भाऊ धोंडिबा चवताळला. "आक्के, कमी कसं? कुटं गेलं? बत्तीस म्हंजी बत्तीस हायेत!"

"तू मोजलीस. मी नुसती पाहिली. म्हणून माझ्या आकड्याला शेपूट."

परदेशातल्या एका प्रयोगशाळेत त्या अल्पायुषी अणुकेंद्रांचं वस्तुमान मोजत. त्यातली काही सेकंदभरही टिकत नाहीत. तेवढ्यात त्यांना चुंबकीय क्षेत्रात गोल फिरवायचं. विद्युतभार सारखा असेल तर जड केंद्र सावकाश फिरतं. फेऱ्यांवरून वस्तुमान काढायचं. प्रत्येक मोजणीच्या आधी आणि नंतर ओळखीचं केंद्र फिरवून यंत्राचीच परीक्षा घ्यायची. धोंडिबाचं मत वेगळं होतं. "आमी शेरडू उचललं की वजन सांगतो. हिचं जोखायच्या आदीच मरतंय. अन् ह्याचा पगार देत्यात!" सगळ्यात मोठ्याने मॅडमच हसल्या.

त्याच दुपारी त्यांनी मला नवा आकडा सांगितला. एक केंद्र वस्तुमानांच्या जुन्या तक्त्यातल्यापेक्षा हलकं निघालं होतं. सहा वर्षांचं काम होतं. "पण छापू नका. सोबत जवळपास तेवढ्याच वजनाचा एखादा भलताच रेणू शिरला असेल, तर आम्ही त्यालाच मोजलंय. महिनाभरात तपासणी होईल. तोवर ही अफवा." मी शब्द दिला. तिसऱ्या दिवशी माझ्या नावाने बातमी आली: मुळशीच्या लेकीने विज्ञानाचा जुना आकडा खोटा ठरवला.

तपासणीपूर्वी बाहेर बोलायचं नाही, हा त्यांच्या गटाचा नियम होता. प्रमुखांनी विचारल्यावर मी शब्द मोडला हे त्यांनी सांगितलं नाही. "मीच बोलले," एवढंच सांगितलं. त्यांना गटातून काढलं. पुढे तपासणीत खरोखरच रेणू सापडला. गटाने पुन्हा मोजलं. जुना तक्ताच बरोबर निघाला. शोधनिबंधावर मॅडमचं नाव नव्हतं.

तेव्हा त्यांनी मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता. "माझं जाऊ द्या. आकडा चुकलाय, तेवढी दुरुस्ती छापा."

बघतो, म्हणालो. दुरुस्ती छापली गेली नाही. संपादकांनी अडवलं नव्हतं; मी त्यांना विचारलंच नाही.

त्या पुण्याला परतल्या आणि गेल्या वर्षी बावधनच्या फ्लॅटमध्ये वारल्या. दहाव्याला मुळशीला गेलो. भिंतीवर माझी बातमी चौकटीत लावलेली होती, चुकीच्या आकड्यासकट.

"आक्का म्हनायची, काढ ते, चुकीचं हाय," धोंडिबा म्हणाला. "मी न्हाई काढलं. म्हनलं, सायबानं छापलंय, चुकीचं कसं आसंल? तवा म्हनली, ते लई गडबडीत हुते रं, म्हनून चुकलं."

मी गडबडीत नव्हतो. त्या दिवशी पाचव्या पानावरची एक जाहिरात रद्द झाली होती आणि तेवढी जागा भरायची होती. धोंडिबाला मी हे सांगितलं नाही.