पूर्ण नाव व पत्ता

रविवारच्या बाजारात भाजीच्या आणि भांड्यांच्या रांगा संपल्या की पुढं जुन्या वस्तूंची रांग लागायची. काच नसलेले कंदील, एका काडीचे चष्मे, बिनकिल्लीची कुलपं आणि बदली होऊन गेलेल्या साहेबलोकांची इंग्रजी मासिकं तिथं मिळत. मी मासिकांसाठी जात असे. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. कॉलेजात गेले तरी चारचौघांत मराठी बोलायची वेळ आली की माझी वाक्यं पुस्तकातल्यासारखी निघत आणि लोक हसत. जुन्या बाजारात न बोलता तासभर उभं राहता येई.

मासिकं अक्कांकडं असत. अक्का पन्नाशीच्या, गडहिंग्लजकडून लग्न होऊन आलेल्या. यजमान वारले तेव्हापासून बाजारातली त्यांची जागा त्याच चालवत होत्या आणि घरात मिळवतं दुसरं कोणी नव्हतं. मी विकत क्वचितच घेते, नुसती वाचते, हे त्यांच्या पहिल्याच रविवारी लक्षात आलं. तरी त्यांनी मला बसायला एक पोतं दिलं.

संस्थान विलीन झालं आणि पुढच्या वर्षभरात बाजाराला नवे नियम लागले. जुना माल विकणाऱ्यानं परवाना काढायचा, पितळी बिल्ला दिसेल असा लावायचा आणि एक वही ठेवायची. वहीत तीन रकाने: वस्तू कोणती, कधी घेतली, आणि ज्याच्याकडून घेतली त्याचं पूर्ण नाव व पत्ता. चोरीचा माल बाजारात येऊ नये म्हणून हा नियम होता. तो वाईट होता असं मला आजही वाटत नाही.

अक्कांना लिहिता येत नव्हतं. "मडम," त्या म्हणाल्या, "तू फुकट वाचतीस, तर फुकट लिव की."

मी वही मांडीवर घेतली तसा शेजारचा कुलूपवाला ओरडला, "अक्का, कारकून ठेवलासा व्हय? लईच मोठ्या झालासा!"

"तुझ्या कुलपास्नी किल्ल्या न्हाईत, तू गप बस," अक्का म्हणाल्या.

त्याच सुमारास आमच्या घरातल्या वस्तू एकेक करून कमी होऊ लागल्या होत्या. माझे वडील, आप्पा, संस्थानच्या शिकारखान्यात अधिकारी होते. खातं बंद झालं, पेन्शनचा निकाल लागत नव्हता. आधी आरामखुर्ची गेली, मग टेबलावरचं घड्याळ. एका शनिवारी आप्पांनी आपली दुर्बीण टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिली. कातडी पेटीतली, पितळी कड्यांची ती दुर्बीण त्यांना चाकरीतच बक्षीस मिळाली होती, आणि तिच्यावर संस्थानचा शिक्का होता.

"तुझ्या त्या बाईंना दे," ते म्हणाले. "नाव मात्र कुठं येता कामा नये."

दुसऱ्या दिवशी बाजारात 'आप्पांची आहे' म्हणून मी पुढं केलेली दुर्बीण अक्कांनी घेतली, आणि नेहमीप्रमाणे वही माझ्यापुढं सरकवली. मी वस्तू लिहिली, तारीख लिहिली. तिसऱ्या रकान्यात 'एक गृहस्थ' असं लिहून वही मिटली. अक्कांना वाचता येत नाही, हे मला त्या क्षणी सोयीचं वाटलं होतं.

पुढच्याच रविवारी बाजारखात्याचा इन्स्पेक्टर वह्या बघत आला. तरुण होता, आवाज चढवत नव्हता. दुर्बिणीवरचा शिक्का बघून थांबला आणि त्यानं वहीतली ओळ काढली.

"हे गृहस्थ कोण?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "हायेत एक."

"नाव?"

"न्हाई ठावं."

"नाव माहीत नाही, आणि शिक्क्याची वस्तू घेतलीत?"

"मानूस चांगलं हुतं, सायेब. त्वांडावरनं कळतंय की."

"वहीत तोंड लिहायचं नसतं, बाई."

रांगेतले लोक हसले. इन्स्पेक्टरनं अक्कांपुढचा बिल्ला उचलून खिशात टाकला आणि दुर्बीण शिपायाकडं दिली. "गुरुवारपर्यंत नाव घेऊन कचेरीत या. नाही तर परवाना रद्द, आणि हा माल चोरीचा समजून पोलिसांकडं जाईल."

मी दोन्ही हातांत मासिक धरून उभी होते. एक शब्द बोलायचा होता. तो बोलले नाही.

"मडम, जा तू घरला," अक्का पसारा आवरत म्हणाल्या. "ऊन झालंय."

सोमवार आणि मंगळवार मी स्वतःला समजावत राहिले की अक्का नाव सांगतील, मग माझा प्रश्न उरणार नाही. बुधवारी बाजाराच्या बाजूनं गेले तेव्हा कुलूपवाल्यानं मला हटकलं. "ओ ताई, तुमची अक्का काय बोलंना बघा. जागा जानार तिची. म्हातारपनी काय करनार ती, धुनी धुनार?"

त्या संध्याकाळी आप्पा आपले जुने बूट पॉलिश करत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि सांगितलं. फार हळू सांगितलं असावं, कारण नीट ऐकायला त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"त्या बाईंनी नाव सांगितलं?"

"नाही."

"आणि वहीत तू काय लिहिलंस?"

"एक गृहस्थ."

"गृहस्थ," ते म्हणाले. मग उठून ट्रंकेतून दुर्बिणीचं बक्षीसपत्र काढून आणलं. "मी येत नाही. त्या कचेरीत माझ्या हाताखालचा एक माणूस आता बसतो. तू जा. पण सांगायचं तर पूर्ण सांग. हुद्द्यासकट."

गुरुवारी अक्का वही घेऊन कचेरीच्या पायरीवर आधीच येऊन बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू कशाला आलीस गं?" मी सरळ आत गेले, त्या मागून आल्या.

इन्स्पेक्टरच्या टेबलापुढं मी वडिलांचं नाव सांगितलं.

"काय? मोठ्यानं बोला."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी पूर्ण नाव, वडिलांच्या वडिलांचं, आडनाव, पेठ, आणि शिकारखान्यातला हुद्दा. खोलीत लेखण्या थांबल्या. मागच्या टेबलावरचे एक वयस्कर कारकून खुर्चीवरून उठून उभे राहिले. आपण का उठलो ते त्यांचं त्यांनाच उशिरा कळलं असावं. ते खाली बसले आणि फाइल उघडून तिच्यात बघू लागले.

इन्स्पेक्टरनं बक्षीसपत्र दोनदा वाचलं. "हे आधीच का लिहिलं नाही?"

"वही मी लिहिते," मी म्हणाले. "चूक माझी आहे. यांची नाही."

"व्हय सायेब, पोर नवी हाय," अक्का मध्येच म्हणाल्या. "इंग्रजीत हुशार हाय, मराठीत जरा कच्ची हाय."

इन्स्पेक्टर पहिल्यांदाच हसला. त्यानं माझ्या दोन शब्दांवर लाल रेघ मारली आणि वही माझ्यापुढं केली. मी त्याखाली नाव आणि पत्ता लिहून सही केली. त्यानं बिल्ला आणि दुर्बीण दोन्ही अक्कांपुढं ठेवली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अक्का, मी नाव लिहिलं नाही हे तुम्हांला केव्हा कळलं?"

"तवाच. बाकीच्या वळी ह्या टोकापासनं त्या टोकापतुर. तुझ्या घरची यवडीशी." त्यांनी बोटाच्या पेरावर माप दाखवलं. "वाचाया येत न्हाई म्हनून दिसत न्हाई व्हय?"

"मग नाव का नाही सांगितलंत?"

"तू लिवलं न्हाईस, ते मी कशी बोलू?" बिल्ला पदराला पुसत त्या म्हणाल्या. "पर रविवारीच बोलली असतीस तर मला चार दिवस जेवान ग्वाड लागलं असतं की गं."



घरी आप्पांना सगळं सांगितलं. ते कारकून उठून उभे राहिले, हेही.

"बसले ना परत?" आप्पांनी विचारलं.

"बसले."

"हां. बसायलाच पाहिजे."

कचेरीत नाव मोठ्यानं घ्यावं लागलं ही गोष्ट गावात पसरली. अक्कांकडं वस्तू आणून देणारी दोन-तीन बरी घरं त्यानंतर आलीच नाहीत. त्या वर्षी अक्कांचा पसारा निम्म्यावर आला, पण जागा राहिली. एका रविवारी डोक्यावरून पदर घेतलेल्या एक बाई चांदीचा पानाचा डबा घेऊन आल्या. अक्कांनी डबा हातात घेऊन बघितला आणि मला खूण केली. मी वही उघडून नाव विचारलं. बाई घुटमळल्या, डबा परत पिशवीत टाकला आणि पुढं गेल्या.

कुलूपवाला म्हणाला, "गेलं गिऱ्हाईक. लिवायचं हुतं की कायतरी."

त्या बाई भांड्यांच्या रांगेआड जाईपर्यंत अक्का बघत राहिल्या, आणि मग मला म्हणाल्या, "वही मिट. वाच तू तुझं."