पिवळे हात, पिवळे डोळे

वसमतहून कुरुंद्याची एसटी धरली तेव्हा मी मोठ्या कौतुकात होते. आता आफ्रिकेपर्यंत दवाखाने आणि शाळा चालवणाऱ्या एका संस्थेने स्मरणिकेसाठी तिच्या वाढीवर लेख मागितला होता. या संस्थेची सुरुवात कुरुंद्यातल्या सुमनबाईंच्या ओसरीवर झाली. तरुणपणी मीही तिथे दोन उन्हाळे मुलांना शिकवलं होतं.

उतरल्या उतरल्या शिंका सुरू झाल्या. हळदीचा हंगाम होता. शेतोशेती कुकर (हळद शिजवायची वाफेची टाकी) धडधडत होते, शिजलेली हळद उन्हात पसरली होती. बायका-लेकरांचे हात मनगटापर्यंत पिवळेधमक.

ओसरी शोधत गेले, तर त्या जागी काचेच्या दाराचं केंद्र उभं. दारात झाडू मारत होत्या खुद्द सुमनबाई. पूर्वी त्या सकाळी लेकरांची वजनं घेत, डोळे-नखं तपासत आणि मग जमिनीवर हळकुंडं मांडून त्यांना अक्षरं शिकवत. संस्था मोठी झाली, पदवीची अट आली. सातवी शिकलेल्या बाईंना साफसफाईवर ठेवलं. हे त्या सहज सांगत होत्या आणि मला भाकरी-ठेचा वाढत होत्या.

दुपारी तपासणी होती. नीलेश नावाचा समन्वयक टॅबलेटवर लेकरांच्या तळहाताचे फोटो घेत होता. फोटो पाहून यंत्रच आजार सांगतं. गेल्या हंगामात या यंत्राने गावातल्या झाडून साऱ्या पोरांना कावीळ ठरवली. शिजती हळद टाकून आईबाप वसमतच्या दवाखान्यात धावले आणि हसं करून घेऊन परतले. यावर मुख्य कार्यालयाने तोडगा काढला, की हंगामात पिवळा रंग धरायचाच नाही. कुरुंद्यातल्या कुठल्याही बाईला एक शब्द विचारला असता तरी भागलं असतं. कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

तेवढ्यात एक बाई आठेक वर्षांच्या राधाला घेऊन आली. पोरगी चार दिवस जेवत नव्हती. टॅबलेटवर हिरवी खूण उमटली, म्हणजे ठणठणीत. मायलेकी निघाल्या, तशी सुमनबाईंनी झाडू ठेवला, राधाला उन्हात नेलं आणि तिची खालची पापणी ओढून पाहिली.

"हळदीनं हात पिवळे व्हतेत, डोळे न्हाई," त्या नीलेशला म्हणाल्या. "हिला कावीळ हाय. गाडी काढा."

नीलेश वाईट नव्हता, पण घाबरट होता. लाल खूण आली तरच गाडी देता येते, वर विचारावं लागेल, असं तो पुटपुटला आणि फोन लावत बसला. पलीकडून कुणी उचलेना.

"काहून वाट बघून राहिले? लेकरू वाळून चाललं," सुमनबाई म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. मी नीलेशला नको नको ते बोलले. त्यातलं निम्मं त्याच्या साहेबांच्या वाट्याचं होतं, हे कळत असूनही बोलले. मग रस्त्यावरून हळद घेऊन निघालेला टेम्पो थांबवला आणि पोत्यांवर बसून आम्ही चौघींनी वसमत गाठलं. डॉक्टरांनी राधाचे डोळे पाहिले आणि लगेच दाखल करून घेतलं. आणखी दोन दिवस घरी राहिली असती तर अवघड होतं, म्हणाले. राधाच्या आईने सुमनबाईंचे पाय धरले. बाई मात्र अस्वस्थ होत्या. उद्या सकाळी केंद्र झाडायला वेळेवर पोचायला हवं होतं.

राधाला सलाईन लागल्यावरच मी परतीच्या गाडीत बसले. वाटेत संस्थेचा फोन आला. प्रवास छान झाला ना, आणि हळदीच्या पिवळ्या हातांचा एखादा हसरा फोटो मिळाला का, असं त्यांनी विचारलं. मी फोन ठेवून दिला. लेख मागितल्याप्रमाणे पाठवला आहे, वाढीवरच आहे. त्यात एकच वाक्य आहे: तुम्ही इतके वाढलात, की लेकराच्या डोळ्यांत बघणाऱ्या तुमच्याकडच्या एकुलत्या एक माणसाच्या हाती तुम्ही झाडू दिलात.