मधूची छापील मागणी

"बापू, मधुकर सर गयात," असं दत्तू शिपायानं स्टोअरच्या खिडकीतून सांगितलं, तेव्हा मी खडूच्या पेट्या लावत होतो. मधू वारला, आणि खोटं कशाला बोलू, आधी मला रागच आला. चोपड्याजवळच्या एकाच गावात आम्ही वाढलो, धुळ्यातल्या एकाच तंत्रनिकेतनात नोकरीला लागलो. तो संगणकाच्या खोलीत, मी भांडारपाल. आणि हा माणूस जळगावच्या दवाखान्यात आठ दिवस पडून होता, तरी मला साधा निरोप नाही! दुसऱ्यांकडून कळलं होतं मला. पण बोलावलं नाही तर कशाला जायचं, असं म्हणत मी गेलो नव्हतो. आज दीड महिना झाला त्या गोष्टीला...

मधू एकटा जीव. लग्न केलं नाही, देवपुरात एक खोली, आणि बाकी सगळा जीव त्या संगणकात. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून तो फ्लॉप्यांची चळत घेऊन आला. परदेशातल्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम होती म्हणे. तिच्या गाभ्याला तो कर्नल म्हणायचा. आमच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं आणि त्या कर्नलचं काही जमेना, म्हणून यानं प्रिंटरच्या ड्रायव्हरची, म्हणजे त्याला चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, व्याख्यांची फाईल स्वतःच लिहायला घेतली. कोणत्या तारेवर खूण आली की काय समजायचं, किती वेळ वाट पाहायची, असलं सगळं त्या फाईलीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी चार वाजताच्या चहाला तो बोटं मोजत आमच्या अहिराणीत शिकवायचा. "बापू, प्रिंटरले बोलाले पाचच तारा शेतस. काममा शे, अक्षर भेटनं, कागद सरना, तयार शे, काही बिघडनं. बस! आखो काही सांगता येत नही त्याले."

"तुझ्यापेक्षा बराच बोलतो की मग," मी म्हणायचो. तो हसायचा आणि तपकिरीची डबी उघडायचा.

मार्चअखेर आला की माझं डोकं ठिकाणावर नसतं, हे सगळ्या स्टाफला ठाऊक आहे. तशात मधूनं छपाईच्या कागदाचा अख्खा खोका नुसत्या चाचण्यांत उडवला. पानंच्या पानं वाकड्यातिकड्या रेघा. तो दुसरा खोका मागायला आला आणि चार माणसांसमोर माझा तोल गेला. "तोंडी चालणार नाही," मी म्हटलं, "रीतसर मागणीपत्र आण. छापील." त्यानं तपकिरीची डबी खिशात टाकली. मग "बरं शे" म्हणून निघून गेला. त्या दिवसापासून चहाला आला नाही, आणि मीही त्याच्या खोलीकडे फिरकलो नाही.

तो दवाखान्यात गेला त्या दिवशीच खोलीला कुलूप लागलं. तो वारल्यावर वीस दिवसांनी दत्तू स्टोअरमध्ये आला, तोंड पार उतरलेलं. "बापू, सरसनी खोलीमा कोनी तरी शे."

एप्रिलची भर दुपार, सुट्ट्या लागलेल्या, व्हरांड्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. मी दाराला कान लावला. काही नाही. दत्तूला झापणार, तेवढ्यात आतून आवाज आला... खर्रर, टक. पुन्हा शांतता. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. चार मिनिटांनी पुन्हा, खर्रर, टक. दत्तूकडून किल्ली घेऊन मी कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. त्याच्या तपकिरीचा वास मात्र तसाच. संगणकावर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी, 'बंद करू नये'. दिवसातून चारदा वीज जाते, पण आली की ते यंत्र आपलं आपण उठतं. प्रिंटरवर लाल दिवा जळत होता. आमच्या डोळ्यांदेखत त्याचं छपाईचं डोकं आपोआप डाव्या कोपऱ्यात सरकलं, टेकलं आणि थांबलं. दत्तू बाहेर पळाला.

मी विभागातल्या शिंदे मॅडमना बोलावलं. त्यांनी मधूची फाईल उघडली. साधारणपणे कागद नसला की ड्रायव्हर काही वेळ थांबतो आणि काम सोडून देतो, त्या म्हणाल्या. सरांनी तसं केलेलं नाही. दर चार मिनिटांनी प्रिंटरला हलवायचं आणि पुन्हा विचारायचं. शेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी टीप होती, ती त्यांनी वाचून दाखवली. "काम टाकून देऊ नये. मधूनमधून हाक मारावी." मग म्हणाल्या, "छपाईच्या रांगेत एक काम अडकलंय, बापू. कागदासाठी."

मी स्टोअरमधून खोका आणला. नोकरीत पहिल्यांदाच मागणीपत्राशिवाय. कागद चढवला, बटण दाबलं. लाल दिवा विझला आणि प्रिंटर करकरत धावू लागला. तीही इंग्रजी अक्षरांतली मराठीच होती. 'प्रति, भांडारपाल. विषय : छपाईच्या कागदाचा एक खोका मिळणेबाबत.' खाली तारीख, तो दवाखान्यात गेला त्या दिवसाची. मी छापील मागितलं होतं, त्यानं छापायला दिलं होतं. आणि छापायला कागद नव्हता. एखाद्या पाठकोऱ्या पानावरही काढता आलं असतं, पण तो त्याच दुपारी खोलीतून उठला तो परत आलाच नाही. मला वाटलं, संपलं. तर डोकं पुन्हा मागे सरकलं आणि तळाला एक ओळ उमटली. 'ता. क. छातीमा दुखस. दवाखानामा जाई ऱ्हायनू. बापू, तू ये.'

मॅडम हळूच बाहेर गेल्या. मी त्याच्या खुर्चीत बसून रडलो. अजून लाज वाटते. अठ्ठावीस दिवस ती ओळ कुलपाआड मला बोलावत होती, आणि त्यातले आठ दिवस तो जिवंत होता.

खोलीची किल्ली आता माझ्याकडे असते. रांग रिकामी आहे, प्रिंटर आपणहून हलायचं काही कारण नाही, असं मॅडमनी दोनदा तपासून सांगितलंय. कागदही भरलेला आहे. तरी चार वाजता चहाचे दोन कप घेऊन मी तिथं बसतो, दार लोटून घेतो. लाल दिवा नसतो. थोड्या वेळानं डोकं डावीकडे सरकतं... खर्रर, टक.

"आलो रे, मधू," मी म्हणतो. चार मिनिटांनी पुन्हा म्हणतो.