काळ्या पडद्यापुढची खुर्ची

नव्वदच्या पुढचं कुठलंसं साल असेल. पूर्णेला एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते, चुडाव्याहून रोज पॅसेंजरनं यायचे. मालकांनी हैदराबादहून कुणाचा तरी वापरून टाकलेला कॉम्प्युटर आणला, हिरव्या अक्षरांचा, आणि इंग्रजी टायपिंग माझ्या एकटीचं पक्कं म्हणून मला त्याच्यापुढं बसवलं. त्याआधी मी टपालाच्या टेबलावर पाकिटं चिकटवत होते. आमच्या हेडक्लार्कना हे काही पचलं नाही. अर्धी हयात ऑफिसात त्यांनी काढली, आणि गादीची खुर्ची मिळाली कालच्या पोरीला!

मशीन म्हातारी आणि लय रुसकी. अक्षरं थरथरायला लागली की मागची पिन दाबायची. चित्र वर सरकायला लागलं की मागचं बारकं बटण केसभर फिरवायचं. पिन ढिली होती, तिथं मी काडेपेटीची काडी खोचून ठेवली होती. हे मला कुणीही शिकवलं नव्हतं, रोज तिच्यासमोर बसून कळलं होतं.

खंडेनवमीला ऑफिसात पूजा झाली. वजनकाटा, टाइपरायटर, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूच्या माळा. पूजेचा मान हेडक्लार्कचा, माळाही त्यांनीच बांधल्या. दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही आलो तेव्हा फुलं सुकली होती. त्यांनी हिसके देऊन माळा ओढून काढल्या. मी खुर्चीवर बसून बटण दाबलं. पंखा घुमला, पण पडदा काळा तो काळाच.

"गेली!" हेडक्लार्क म्हणाले. मग माझ्याकडं वळून, चांगल्या खणखणीत आवाजात, "बाई, पूजेच्या दिवशी शिवलाव का हिला? म्हंजी... अडचणीत होत्या का तुमी?"

सगळ्या ऑफिसासमोर! काटावाला, दोन कारकून, खिडकीशी पावतीला थांबलेले शेतकरी. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. नव्हते मी अडचणीत. पण 'नव्हते' म्हणणं म्हणजे असला प्रश्न विचारायचा त्यांना हक्क आहे असं कबूल करणं.

"होते," मी म्हणाले. "मग? मशीनीला काय कळतंय त्यातलं?"

काटावाल्यानं मान खाली घातली. हेडक्लार्क लालबुंद झाले. "उठा! उठा त्या खुर्चीवरून! मालकाला सांगतो मी. नांदेडहून माणूस येईस्तोवर मशीन बंद, अन् तुमी आजपासून टपालावर."

ते मालकांना बोलवायला गेले. मी उठले नाही. म्हटलं, बघतेच आता.

मशीनीचा दिवा लागला होता. सुरू होतानाचा नेहमीचा 'टुंक' मी ऐकला होता. म्हणजे ती मेलेली नव्हती, फक्त दिसत नव्हतं. आणि न दिसता टाइप करायला मला कोण शिकवणार? परभणीच्या टायपिंग क्लासात मास्तर आमच्या हातांवर रुमाल टाकायचे, डोकावलं की छडी. मशीन आधी तारीख विचारते, मग वेळ. मी दोनदा एंटर मारलं. मग लिहिलेलं सरळ प्रिंटरवर पाठवायचा हुकूम दिला आणि काळ्या पडद्याकडं बघत टाइप करत गेले. प्रिंटर करकरायला आणि मालक दारात यायला एकच गाठ पडली. ते टेबलाशी आले तसा कागद फाडून मी बसूनच त्यांच्या हातात दिला: 'मशीन इज ऑलराइट. ओन्ली स्क्रीन इज ब्लॅक. आय ॲम ऑलसो ऑलराइट.'

"न दिसता लिवलं हे?" मालक म्हणाले.

"मंग पडदाच जळला असंल," हेडक्लार्कनी हेका सोडला नाही.

"तेबी बघू की," मी म्हणाले.

बसल्या जागेवरून पडदा टेबलावरच फिरवला. काडी जागेवर होती, पिन घट्ट होती. मग पुढून खालच्या कडेला बोटं घातली. तिथं उजेड कमी-जास्त करायचं बटण असतं. बोटाला दोरा लागला. बटणाला दोन वेढे, पक्की गाठ, आणि तुटक्या टोकाला एक वाळका झेंडू! माळ बांधायला खुंटी सापडेना म्हणून कुणीतरी बटणालाच बांधली होती, आणि सकाळच्या हिसक्यासरशी ते फिरून उजेड पार बंद झाला होता.

मी बटण फिरवलं. हिरवी अक्षरं हळूहळू वर आली.

मालक हसायला लागले, मग कारकूनही. मला हसू आलं नाही. तो झेंडू मी सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"ही माळ कुणी बांधली होती? अन् तो अडचणीत होता का?"

हेडक्लार्क चष्मा पुसत राहिले, पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "जाऊ द्या, बाई. झालं ते झालं. बसा आता तुमच्या खुर्चीवर."

"बसा काय?" मी म्हणाले. "मी उठले कधी?"